कैलासपती, कुंभा आणि जांभूळ: पुंकेसरांच्या झुपक्यावरून कुळ ठरवू नका

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेहमी फिरायला जाणाऱ्या एका गृहस्थांनी तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, कैलासपतीचं झाड मूळचं आपल्याकडचंच ना, कारण शंकराच्या देवळांच्या आवारात ते हमखास दिसतं. दुसरा, फोनमधलं झाडं ओळखणारं ॲप त्याला कधी कधी नागचाफा म्हणतं, ते बरोबर का. तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला: जुन्या पुस्तकात कुंभा जांभळाच्या कुळात दिलाय आणि नव्या पाटीवर कैलासपतीच्या कुळात, तर खरं काय मानायचं? प्रयोगशाळा नसलेल्या माणसाला ते स्वतः ताडून पाहता येतं का?

येतं, आणि चांगलं येतं. तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तो नीट सुटला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं.

मार्च-एप्रिलमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुंभा फुलतो आणि त्याच सुमारास जांभूळही. दोन्हींची फुलं लांबून पाहिली तर पाकळ्या नावापुरत्या आणि पुंकेसरांचा मोठा झुपका. दोन्हींचं बीजाशय पाकळ्यांच्या खाली, म्हणजे अधःस्थ. दोन्हींच्या फळाच्या टोकाला फुलाच्या बाहेरच्या वर्तुळाची खूण टिकून राहते. जांभळाच्या टोकाशी गोल खळगा दिसतो तो हाच, आणि कुंभ्याच्या हिरव्या गोल फळावर तर संदलांचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचा, चक्क मुकुट असतो. बेंथम आणि हूकर या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात सपुष्प वनस्पतींची जी मोठी मांडणी केली, तिच्यात कुंभा आणि त्याचे भाऊबंद जांभळाच्या कुळातच, म्हणजे मिर्टेसीमध्ये, एक पोटगट म्हणून घातले. ब्रिटिश काळातली भारतातली बहुतेक वनस्पतिसूची याच मांडणीवर उभी आहे. तुमच्या जुन्या पुस्तकात कुंभा तिथे आहे तो यामुळे. ती माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी फूल पाहिलं, फळ पाहिलं, आणि फुलाफळाचा पुरावा खरोखरच त्या बाजूला झुकत होता.

आता तेच जमिनीवरून पाहा. कुंभ्याखाली सकाळी लवकर गेलात, तर पुंकेसर सुटे पडलेले दिसत नाहीत. बुडाशी एकमेकांना जोडलेलं अख्खं कडं पडलेलं असतं, बोटात अंगठीसारखं धरता येईल असं. जांभळाखाली असं कडं कधीच सापडणार नाही. तिथे बारीक पांढरे सुटे तंतू असतात आणि सोबत चिमुकल्या टोप्या. जांभळाच्या पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून टोपीसारख्या गळून पडतात. मग वर पाहा. जांभळाची पानं समोरासमोर, कुंभ्याची एकाआड एक आणि फांदीच्या टोकाशी दाटलेली. जांभळाचं कोवळं पान उजेडासमोर धरा, भिंगातून तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतील. चुरगळून हुंगलंत तर वास येईल. पेरू, लवंग, निलगिरी या सगळ्यांच्या पानांत ते ठिपके आहेत. कुंभ्याच्या पानात ते नाहीत.

कडं, पानांची मांडणी आणि तेलाचे ठिपके, हे तिन्ही पुरावे कोणालाही मिळतील असे आहेत. लाकडाचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यांत आणखी भर पडली. जांभळाच्या गणातल्या (गण म्हणजे जवळच्या कुळांचा मोठा गट) झाडांत अन्नरस वाहणाऱ्या ऊती लाकडाच्या आतल्या बाजूलाही असतात. कुंभ्याच्या घराण्यात तसं नाही. लेसिथिडेसी हे वेगळं कुळ 1825 सालीच सुचवलेलं होतं, म्हणजे नव्या पाटीवरचं नाव जुन्या पुस्तकाहूनही जुनं आहे. 1990 च्या दशकात हरितलवकातल्या जनुकांचा क्रम वाचून सपुष्प वनस्पतींची नाती तपासली गेली आणि 1998 मध्ये पहिली एपीजी मांडणी आली (एपीजी म्हणजे ही नाती तपासणारा शास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट). पुढे 2003, 2009 आणि 2016 मध्ये ती सुधारली गेली. तिने कुंभा आणि कैलासपतीचं कुळ जांभळाच्या गणातून पार उचलून एरिकेलीस या गणात नेलं. त्या गणात त्यांचे शेजारी कोण? चिकू, मोह, बकुळ, टेंभुर्णी, चहा. आणि पावसाळ्यात रानभर फुलणारा तेरडा!

तेरडा आणि कुंभा एका गणात हे ऐकून विद्यार्थी नेहमी चमकतात, आणि चमकावंच. याच्या उलट उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये माथेरानला जा. तिथली अंजनी बघा. झुडूपवजा झाड, फांद्यांना लगडलेले निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे घोस, प्रत्येक फुलात चार पाकळ्या आणि फक्त आठ पुंकेसर. जांभळाशी काडीचंही साम्य वाटत नाही. पण पानं समोरासमोर, बीजाशय अधःस्थ, लाकडाची आतली रचना तीच. अंजनी आणि जांभूळ एकाच गणातले. दिसायला जवळचा कुंभा परका निघाला आणि दिसायला परकी अंजनी घरची. माझं सांगणं एवढंच आहे की डोळ्यांत भरतं ते बहुधा परागण करणाऱ्याशी जुळवून घेताना बदललेलं असतं. वटवाघूळ, पतंग, मधमाशी यांच्या सोयीने फुलाचा बाह्य आकार लाखो वर्षांत कुठून कुठे जातो. पानाची मांडणी, चीक, उपपर्ण (देठाच्या बुडाशी असणारं चिमुकलं पान), बीजाशयाची जागा या गोष्टींकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आणि नातं नेमकं तिथे टिकून राहतं.

पुंकेसरांचा झुपका तर इतक्या घराण्यांनी स्वतंत्रपणे उभा केलाय की त्यावर विसंबूच नये. मुंबईच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्षाखाली गुलाबी-पांढरे झुपके पडतात, ते उचलून पाहा. ते एक फूल नाही. अनेक लहान फुलांचा तो गुच्छ आहे, आणि मधलं एक फूल बाकीच्यांहून थोडं मोठं असतं. आपल्या शिरीषाचंही तेच. हे शेंगांचं कुळ. कुंभा आणि जांभूळ या दोघांशीही त्याचा संबंध नाही.

आता कैलासपती. झाडावरचं फूल तोडायची गरज नाही. फूल एकच दिवस टिकतं आणि खाली ताजं मिळतं. हातात घेतलंत की आधी त्याचं वजन जाणवेल. सहा जाड, मांसल पाकळ्या, आतून लालसर, बाहेरून पिवळट-गुलाबी. मधोमध एक चकती, तिच्यावर आखूड पुंकेसरांचं दाट वर्तुळ आणि त्याच्या केंद्रात बीजाशयाचा किंचित वर आलेला माथा. भाविकांना जी पिंडी दिसते ती ही. चकतीच्या एका कडेतून रुंद पट्टी निघते, वळून पिंडीवर झुकते, आणि तिच्या टोकाला गुलाबी-पिवळ्या तंतूंचा ब्रश असतो. हा नागाचा फणा. धारदार पातं घेऊन फूल पट्टीच्या रेषेत मधोमध उभं चिरा, म्हणजे चकती, आखूड पुंकेसर आणि फणा हे सगळं एकाच अवयवाचं, पुंकेसरांच्या कड्याचं, बनलेलं आहे हे दिसेल. कुंभ्याखाली जे कडं उचललं तेच हे कडं; फक्त इथे एका बाजूने वाढून पुढे आलंय.

या फुलात मध नाही. त्याचं मोल परागातच आहे, आणि पराग दोन तऱ्हेचा आहे. फण्यावरच्या तंतूंतला पराग खाण्यासाठी. तो बीजधारणेच्या कामी येत नाही. पिंडीभोवतीच्या आखूड पुंकेसरांतला पराग खरा. सुतारी भुंग्यासारखी मोठी मधमाशी फणा आणि पिंडी यांच्या फटीत शिरते, पाय वरच्या बाजूला चालवून फण्यावरचा पराग गोळा करते, आणि ती त्यात गुंतलेली असताना तिच्या पाठीला खालचा खरा पराग चोपडला जातो. पुढच्या फुलात हीच पाठ बीजाशयाच्या माथ्याला घासते. भायखळ्यालाही झाडाखाली थोडा वेळ शांत उभं राहिलात तर भुंगे फण्याखाली शिरताना दिसतील.

कुंभ्याच्या फुलातही काही पुंकेसर वांझ असतात, अगदी बाहेरचे आणि अगदी आतले. पण ते चहूबाजूंनी सारखे असतात. फूल कुठूनही मधोमध कापलं तरी दोन सारखे भाग होतात. कैलासपतीचं फूल एकाच रेषेत कापलं तर दोन सारखे भाग मिळतात. पहिल्या प्रश्नाची किल्ली या फरकात आहे.

लेसिथिडेसी कुळात आशियातल्या जितक्या प्रजाती आहेत, म्हणजे कुंभा, नदी-ओढ्याकाठी लाल फुलांच्या लोंबत्या माळा सोडणारं समुद्रफळ आणि त्यांची भावंडं, त्या सगळ्यांची फुलं चहूबाजूंनी सारखी. एका बाजूला फणा काढलेलं फूल या कुळात फक्त अमेरिका खंडातल्या शाखेत आढळतं. ब्राझील नट म्हणून जे सुकामेव्यात मिळतं तेही त्याच शाखेतल्या झाडाचं बी. कैलासपतीचे सगळे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनात आणि आसपास, त्याचं रानटी अस्तित्वही तिथेच. आपल्याकडे तो लावलेला दिसतो, जंगलात आपोआप वाढलेला नाही. ओब्ले नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने 1775 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते फ्रेंच गियानामधल्या झाडावरून, आणि जातीच्या नावातही गियाना आहे. तेव्हा झाड बाहेरून आलेलं आहे, यात मला शंका नाही. देवळात तो आला तो फुलातल्या पिंडीमुळे, आणि ती भक्ती खरी आहे. कुणी त्याची फुलं शंकराला वाहत असेल तर त्यात बिघडलं काहीच नाही. मात्र ‘देशी झाडं लावा’ म्हणून तो मोहिमांत लावला जातो, ते मला पटत नाही. त्याच कुळातला अस्सल देशी कुंभा उपलब्ध असताना तर नाहीच.

कुंभ्याबद्दल थोडं अधिक लिहायचा मोह होतोय. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव केरिया हे विल्यम केरी यांच्यावरून पडलं. 1805 मध्ये सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापणारे तेच हे केरी. ते हाडाचे बागकर्मी होते आणि वनस्पतितज्ज्ञ रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांच्या हातून छापून निघाला. कुंभ्याला केरींचं नाव दिलं ते याच रॉक्सबर्ग यांनी. कुंभ्याच्या सालीच्या तंतूंची जामगी, म्हणजे पेटती वात, तोड्याच्या बंदुकांसाठी वापरत. गळण्याआधी त्याची पानं तांबडी होतात, तेव्हा पानझडीच्या दिवसांत कान्हेरीच्या वाटेवर तो लांबूनही ओळखू येतो.

एक सूचना सोसायटीवाल्यांसाठी. कैलासपतीची फळं खोडाला लटकतात, मोठी, गोल, कठीण कवचाची, आणि पिकली की खाली कोसळतात. आतला गर उग्र वासाचा असतो आणि हवा लागली की निळसर पडतो. पार्किंग, पाऊलवाट किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ हे झाड लावू नका.

खोडावर फुलं येणं हे उष्ण प्रदेशातल्या वर्षावनांचं एक वैशिष्ट्य. घनदाट जंगलात भुंगे, वटवाघळं, फळं खाणारे प्राणी यांचा वावर मधल्या आणि खालच्या थरातही असतो, आणि जड फळ खोडाने पेलणं बारीक डहाळीने पेलण्यापेक्षा सोपं. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. फणस आणि उंबर दारात आहेत. पण म्हणून मुंबईचं जंगल वर्षावन ठरत नाही. मुंबईत 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मग आठ महिने कोरडे. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाचा बराच भाग आर्द्र पानझडी आहे, ओढ्यांच्या कडेला तेवढा निमसदाहरित पट्टा. खरी सदाहरित झाडी पाहायची तर भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, आंबोलीकडे जावं लागतं.

नागचाफ्याचा घोळ निव्वळ नावाचा आहे. बाजारात सध्या तीन वेगवेगळी झाडं या नावाने फिरतात. रोपवाटिकेत नागचाफा मागितलात तर बहुधा फण्यासारख्या पानाचा पांढरा चाफा मिळेल. पान तोडलं की पांढरा चीक येतो, कण्हेरीच्या कुळातला, तोही अमेरिकेतलाच. दुसरा म्हणजे हा कैलासपती. आणि तिसरा, ज्याचा या नावावर जुना हक्क आहे, तो नागकेशर: मेसुआ फेरिया, सदाहरित जंगलाचं झाड, लोखंडासारखं जड लाकूड, कोवळी पालवी लालभडक, चार शुभ्र पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. पुन्हा झुपका! पण इथे पानं समोरासमोर, आणि पुंकेसर बाजूला सारून पाहिलंत तर बीजाशय पाकळ्यांच्या वर बसलेलं, ऊर्ध्वस्थ. कुंभा आणि जांभूळ दोन्ही इथे बाद होतात.

नागकेशराचे सख्खे कोण ते कोकणातल्या माणसाला सांगायला मला फार आवडतं. सुरंगी आणि उंडी. सुरंगीचे गजरे चैत्राच्या आसपास सिंधुदुर्गाकडून येतात, त्या कळ्या उमलायच्या आधी फांदीवरून खुडलेल्या असतात. सुरंगीची फुलंही जाड फांद्यांना थेट चिकटून येतात. सुरंगी, उंडी, नागकेशर आणि रातांबा ही चारही पूर्वी एकाच कुळात होती. आता पहिल्या तिघांचं कॅलोफिलेसी हे वेगळं कुळ धरतात आणि रातांबा क्लुसिएसीत राहिला. ही फोड जनुकांच्या पुराव्यावर 2009 च्या मांडणीत पक्की झाली. ही फोड बागेत उभं राहून डोळ्यांनी पडताळणं अवघड आहे, तेव्हा त्यासाठी पाटीवर विश्वास ठेवा. कुंभा-जांभळाची फोड मात्र स्वतः पाहिल्याशिवाय मानू नका.

झुडपांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सावलीत वाढणाऱ्या जंगली झुडपांपुढे नवखा माणूस हमखास गडबडतो म्हणून लिहिते. पानं समोरासमोर असतील तर दोन देठांच्या मधोमध फांदीवर बोट फिरवा. तिथे लहान त्रिकोणी उपपर्ण लागलं, फुलाच्या पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असली आणि बीजाशय अधःस्थ असलं, तर तुम्ही रुबिएसीत, कदंबाच्या कुळात आहात. बागेतली एक्झोरा, कॉफी, कर्नाळ्याच्या रानातली पापट आणि पांढऱ्या पानासारखा संदल मिरवणारी भूतकेस ही सगळी यातली. वर्षावनाच्या खालच्या थरातली किती तरी झुडपं या एका कुळातली असतात, तेव्हा ही एक खूण पाठ झाली की अर्धं काम झालं.

बघण्याचा क्रम मी असा ठेवते. आधी पान: समोरासमोर की एकाआड एक, साधं की संयुक्त. मग देठाचं बूड, उपपर्णासाठी. मग देठ मोडून चीक येतो का, आणि कुठल्या रंगाचा. मग पान चुरगळून वास, उजेडासमोर ठिपके. फूल सगळ्यात शेवटी, आणि तेही उभं चिरून, बीजाशय कुठे बसलंय ते बघण्यासाठी. सुरुवातीला फूल पाहिलंत की मन तिथेच अडकतं आणि पान पाहायचं राहून जातं.

नमुना वाळवणार असाल तर मुंबईच्या हवेत वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. कैलासपतीसारखं मांसल फूल अख्खं दाबू नका, उभी फोड करून दाबा. रंग आणि वास त्याच दिवशी वहीत लिहा, वाळल्यावर दोन्ही जातात. राष्ट्रीय उद्यानातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा आणायचं नाही, तिथे भिंग आणि कॅमेरा पुरे. नीट वाळवलेले नमुने कसे असतात हे पाहायचं असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, 1906 पासूनचं. रीतसर विचारणा करून जा आणि लेसिथिडेसीचे नमुने दाखवायला सांगा.

ॲपबद्दल शेवटचं. ते चुकतं कारण आपण त्याला फुलाचा समोरून काढलेला एकच फोटो देतो. पुढच्या वेळी चार फोटो द्या: पानं फांदीला कशी लागली आहेत त्याचा, देठाच्या बुडाचा, फुलाचा बाजूने, आणि उभ्या चिरलेल्या फुलाचा. तरीही नाव अडलं तर हेच चार मला पाठवा.